आई-बाबा सहा महिन्यांसाठी अमेरिकेत : परतीचं तिकीट कुठल्या तारखेचं काढायचं?

चाफा_एडिसन

नमस्कार मंडळी. जुलैच्या पहिल्या आठवड्यात बाळंतपण आहे. आई (६६) आणि बाबा (७१) ५ जूनला मुंबईहून न्यूअर्कला यायचं ठरतंय. दोघांकडे बी-१/बी-२ व्हिसा (कामानिमित्त भेट/पर्यटनाचा) आहे, २०३१ पर्यंतचा. तिकिटं अजून काढलेली नाहीत, कारण परतीच्या तारखेवरच घोडं अडलंय. डिसेंबरात सासू-सासरे यायचे आहेत. ते येईपर्यंत आई-बाबांनी राहावं अशी इच्छा आहे, पण सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांचं येणं जानेवारीवर जाऊ शकतं.

प्रश्न असे :

१. परतीचं तिकीट असणं सक्तीचं आहे का? एकेरी काढून नंतर परतीचं काढलं तर?
२. बरोबर सहा महिन्यांनी, म्हणजे ५ डिसेंबरचं परतीचं तिकीट काढलं तर चालेल ना?
३. गरज पडली तर मुक्काम वाढवता येतो का? कधी, कसा, खर्च किती?
४. आईचा पासपोर्ट १८ ऑक्टोबरला संपतोय. शिवाय त्यात आडनावाची जागा कोरी आहे, सगळं नाव ‘गिव्हन नेम’मध्ये आहे.
५. चार दिवस कॅनडाला जाऊन आलं की नवे सहा महिने मिळतात असं एकीने सांगितलं. खरं का?
६. बाबा राज्य सरकारी पेन्शनर. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला इथून कसा द्यायचा?

खिडकीची_सीट

५ डिसेंबर नको. एक दिवसाने चुकतंय, आणि हा एक दिवस महागात पडतो.

आधी तारखांचा घोळ मिटवू. व्हिसावरची २०३१ ही तारीख म्हणजे त्या दिवसापर्यंत विमानतळावर येऊन ‘आत घ्या’ म्हणता येतं, एवढंच. किती दिवस राहायचं हे न्यूअर्कचा इमिग्रेशन अधिकारी ठरवतो आणि ते आय-९४ या नोंदीत लिहिलं जातं. बी-२ वर साधारणपणे सहा महिने देतात. ५ जूनला आत आलात तर आय-९४ वर ४ डिसेंबर अशी तारीख येईल. १८० दिवस मोजत बसू नका. नोंदीत जी तारीख असेल ती पाळायची. त्या दिवशी रात्री बारापर्यंत अमेरिकेतून विमान सुटलेलं पाहिजे. भारतात कधी पोचता याला महत्त्व नाही.

इथे एक नेहमीचा सापळा आहे. भारताकडे जाणारी बरीच विमानं रात्री उशिरा निघतात. ‘४ तारखेची रात्र’ म्हणून काढलेलं तिकीट प्रत्यक्षात ५ तारखेच्या ००:३० चं असतं आणि मुदत अर्ध्या तासाने उलटते. तिकिटावरची तारीख आणि वेळ दोन्ही वाचा.

परतीच्या तिकिटाची सक्ती कायद्यात आहे ती व्हिसाशिवाय येणाऱ्या देशांच्या प्रवाशांवर. भारतीय पासपोर्टावर बी-२ व्हिसा घेऊन येणाऱ्यांना तशी अट नाही. पण व्यवहारात दोन ठिकाणी विचारलं जातं : मुंबईच्या चेक-इन काउंटरवर आणि उतरल्यावर इमिग्रेशनला. ‘किती दिवस राहणार?’ या प्रश्नाला ‘नोव्हेंबरअखेर परत, हे तिकीट’ हे उत्तर आणि ‘बघू, मुलगी सांगेल तेव्हा’ हे उत्तर, दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकेरी तिकिटात पैसेही फारसे वाचत नाहीत. दोन एकेऱ्यांची बेरीज बहुतेक वेळा जाऊन-येऊन तिकिटापेक्षा जास्तच भरते.

माझं मत : नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातलं परतीचं तिकीट काढा. आय-९४ च्या तारखेआधी आठ-दहा दिवस हाताशी हवेत. वादळाने विमान रद्द झालं, कुणी तापाने पडलं, तर जागा मिळेपर्यंत तेवढे दिवस जातात. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून भारताकडे जाणाऱ्या विमानांचे भाव चढतात आणि स्वस्त वर्गातल्या जागा संपतात, तेही टळतं. थँक्सगिव्हिंगचा गुरुवार टाळायची गरज नाही, थेट विमान असेल तर. शिकागो किंवा अटलांटाला बदलायचं असेल तर त्या आठवड्यातला बुधवार आणि रविवार टाळा.

आता तिकीट कसलं घ्यायचं. तुमच्या बाबतीत तारीख बदलण्याची शक्यता खरी आहे, म्हणून सगळ्यात स्वस्त भाडं बघू नका. भाड्याच्या नियमांत चार गोष्टी शोधा :

– मॅक्झिमम स्टे, म्हणजे गेल्यापासून जास्तीत जास्त किती दिवसांत परतायचं ती मर्यादा. काही स्वस्त भाड्यांत ती तीन किंवा सहा महिन्यांची असते. तारीख पुढे नेताना ती आडवी येते आणि मग फरक भरूनही बदल मिळत नाही. बारा महिन्यांची हवी.

– बदलाचा दंड. प्रवास सुरू होण्याआधी आणि सुरू झाल्यानंतर असे दोन आकडे असतात. तुमच्या कामाचा दुसरा.

– भाड्यातला फरक. दंड शून्य असला तरी हा भरावा लागतो. ‘फ्री डेट चेंज’ या शब्दांवर लोक इथेच फसतात. तिकीट ज्या बुकिंग वर्गातलं आहे, त्याच वर्गात नव्या तारखेला जागा असेल तर फरक नसतो किंवा थोडा असतो. नसेल तर वरच्या वर्गाचा पूर्ण फरक.

– नो-शो. न कळवता विमान सोडलं तर वेगळा दंड, आणि काही भाड्यांत परतीच्या तिकिटाची किंमतच शून्य. बेत बदलला की विमान सुटण्याआधी कळवायचं, नंतर नाही.

जायचा टप्पा वापरला नाही तर परतीचा आपोआप रद्द होतो, हेही ध्यानात असू द्या. आणि विमान कंपन्यांची वेळापत्रकं साधारण ३३० ते ३६० दिवस आधीच उघडतात, त्यामुळे पार पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यातली परतीची तारीख आज शोधलीत तर दिसणारच नाही. त्यात बिघाड काही नाही.

तारीख बदलताना होणारी खरी गडबड वेगळीच. फोनवर बाई सांगतात ‘झालं, बदललं’, पीएनआरमध्ये नवं विमान दिसतं, आणि विमानतळावर कळतं की तिकीट जुन्याच तारखेचं आहे. पीएनआर म्हणजे आरक्षण. तिकीट म्हणजे तेरा आकडी ई-तिकीट क्रमांक. तारीख बदलल्यावर ते तिकीट पुन्हा जारी व्हावं लागतं आणि सहसा नवा क्रमांक येतो. नवा क्रमांक असलेली ईमेल हातात आल्याशिवाय काम झालं असं समजू नका.

त्या तेरा आकड्यांतले पहिले तीन कुणाकडे जायचं ते सांगतात. ०९८ एअर इंडिया, १७६ एमिरेट्स, १५७ कतार, ६०७ एतिहाद, २२० लुफ्तान्सा, ०१६ युनायटेड, १२५ ब्रिटिश एअरवेज. विमानावर नाव कुणाचंही असो, बदल ज्याचं तिकीट त्याच्याकडेच. एजंटाकडून काढलं असेल तर कंपनी पुष्कळदा एजंटाकडे परत पाठवते, आणि त्याचा सेवा-आकार वेगळा. आई-बाबांसाठी थेट कंपनीच्या साइटवर काढणं हजार-दोन हजारांनी महाग पडलं तरी मी तेच सुचवेन.

व्हीलचेअर लागणार असेल तर बुकिंगमध्येच नोंदवा, काउंटरवर नाही.

कागदवाला

वरच्या प्रतिसादाशी सहमत. कागदांचं मी सांगतो.

चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या सगळ्या बेताला तो सुरुंग लावू शकतो. आईंचा पासपोर्ट १८ ऑक्टोबरला संपत असेल तर अधिकारी त्यांची आय-९४ तिथपर्यंतच देऊ शकतो. मग बाबांना ४ डिसेंबर आणि आईंना १८ ऑक्टोबर, असं एकाच घरात दोन तारखा होतात. लोक आय-९४ उघडून बघतच नाहीत. डोक्यात ‘सहा महिने’ पक्के बसलेले असतात. मुदत उलटल्याचं परतीच्या वेळी कळतं. म्हणून निघण्याआधी पासपोर्ट नवा करून घ्या. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. जुना पासपोर्ट कोपरा कापून, रद्दचा शिक्का मारून परत मिळतो. त्यातला व्हिसा चालू राहतो. प्रवासात दोन्ही पासपोर्ट बरोबर, हातातल्या पिशवीत. चेक-इनच्या सामानात टाकायचे नाहीत. अमेरिकेत आल्यावरही भारतीय वाणिज्य दूतावासातर्फे पासपोर्ट नवा करता येतो, पण त्यात आठवडे जातात आणि आय-९४ तोपर्यंत आखूडच राहते.

उतरल्यावर दोन-तीन दिवसांत सीबीपीच्या (अमेरिकेचं सीमा व कस्टम खातं) आय-९४ साइटवर जाऊन दोघांच्या नोंदी छापून ठेवा. पासपोर्टावर शिक्का असेलच असं आता नाही, म्हणून हा छापील कागद हाच आधार. नावात, जन्मतारखेत, व्हिसाच्या प्रकारात किंवा तारखेत चूक असेल तर विमानतळावरच्या ‘डिफर्ड इन्स्पेक्शन’ कार्यालयात दुरुस्त होते. यूएससीआयएसकडे, म्हणजे मुदतवाढीचे अर्ज बघणाऱ्या खात्याकडे, त्यासाठी जाऊ नका.

आता मुदतवाढ. अर्ज आय-५३९. मुदत संपायच्या आत यूएससीआयएसकडे पोचला पाहिजे. निदान ४५ दिवस आधी भरावा असं तेच सांगतात. तुमच्या तारखेने २० ऑक्टोबर. शुल्क एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन ४२० डॉलर, कागदी ४७० डॉलर. बोटांच्या ठशांचे वेगळे ८५ डॉलर ऑक्टोबर २०२३ पासून बंद झाले. ठशांसाठी बोलावणं मात्र येऊ शकतं, आलं तर जायलाच हवं. पती-पत्नी एकाच अर्जात बसतात, दुसऱ्या व्यक्तीसाठी आय-५३९ए जोडायचा. एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने मागता येतात.

बरोबर काय जोडायचं : दोघांच्या आय-९४, पासपोर्टाचं मुख्य पान आणि व्हिसाचं पान, विवाह नोंदणीचा दाखला, खर्च कोण करणार त्याचा पुरावा (तुमच्या नवऱ्याचे पगारपत्रक आणि बँक स्टेटमेंट, बाबांच्या पेन्शनची नोंद), आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निवेदन. त्यात तीन गोष्टींची उत्तरं हवीत : मुक्काम का वाढवायचाय, तो तात्पुरताच आहे कशावरून आणि परत जायची काय व्यवस्था केली आहे, आणि मायदेशातल्या घरादारावर, नोकरीवर त्याचा काय परिणाम होतो. परत जायच्या व्यवस्थेचा पुरावा म्हणजे नव्या तारखेचं तिकीट. म्हणजे परतीचं तिकीट उतरताना विचारतात, आणि मुदतवाढीला ते पुरावा म्हणूनही लागतं.

मागताना गरजेपुरतंच मागा. सासू-सासरे १० जानेवारीला येणार असतील तर २० जानेवारीपर्यंतची मुदत मागा आणि तिकीट १८ चं दाखवा. सहा महिने मिळतात म्हणून सहा महिने मागणाऱ्याचं निवेदन कारणाशी जुळत नाही, आणि नामंजुरीला तेवढं पुरतं.

कारणाच्या शब्दांबद्दल एक सूचना, विमानतळावरही तीच. आपण सहज म्हणतो, ‘लेकीचं बाळंतपण करायला आले’, ‘बाळाला सांभाळायला आले’. त्याचं इंग्रजी झालं की ते दाईचं किंवा आयाचं काम वाटतं, आणि बी-२ वर काम करायला परवानगी नाही. आई मुलीला भेटायला, नातवंड बघायला, तिच्याजवळ राहायला येतेय हे खरंच आहे, तेच सांगावं. खोटं काही सांगू नये, उगाच पाठ केलेलं भाषणही नको. इंग्रजी जमत नसेल तर दुभाषा मागायला संकोच नको. अर्धवट समजलेल्या प्रश्नाला ‘येस येस’ करण्यापेक्षा बरं.

कॅनडाची गोष्ट : कॅनडा किंवा मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन परत आलात तर जुन्याच आय-९४ वर, जुन्याच तारखेपर्यंत आत घेऊ शकतात. नवी मुदत द्यायची की नाही हा अधिकाऱ्याचा अधिकार, तुमचा हक्क नाही. भारतीय पासपोर्टाला कॅनडाचा व्हिसा लागतो तो वेगळाच. मुदत संपत आली असताना मुद्दाम अशी फेरी मारणं म्हणजे प्रश्न ओढवून घेणं.

साधा_प्रश्न

अर्ज वेळेत भरला, पण निर्णय यायच्या आतच आय-९४ ची तारीख उलटली तर? तेव्हा थांबलं तर बेकायदा राहणं होतं का?

कागदवाला

हे फार वेळा होतं. निकालाला कित्येक महिने लागतात. पुष्कळदा मागितलेली मुदतच संपून जाते आणि उत्तर नंतर येतं. अर्ज वेळेत भरलेला असेल आणि कारण खरं असेल, तर तो प्रलंबित असेपर्यंतचे दिवस बेकायदा वास्तव्यात मोजत नाहीत. पण खालची जमीन तेवढी घट्ट नसते.

नामंजुरी आली आणि आय-९४ ची मूळ तारीख उलटलेली असली, तर दुसऱ्या दिवसापासून बेकायदा दिवस मोजायला सुरुवात होते. लगेच निघायचं. १८० दिवसांपेक्षा जास्त झाले आणि मग बाहेर पडलात तर तीन वर्षं प्रवेशबंदी, एक वर्ष किंवा जास्त झालं तर दहा वर्षं. त्याशिवाय मुदत उलटून राहिल्यावर तो दहा वर्षांचा व्हिसाच कायद्याने रद्द ठरतो, त्यावर २०३१ लिहिलेलं असलं तरी. पुढचा व्हिसा मग भारतातूनच, नव्याने मुलाखत देऊन.

म्हणून शहाणपणाचा मार्ग : अर्जात मागितलेल्या तारखेच्या आत, निकाल आलेला असो वा नसो, निघून जायचं. पावती (आय-७९७सी), अर्जाची प्रत आणि परतीचे बोर्डिंग पास जपून ठेवायचे. पुढच्या वेळी ‘मागच्या खेपेला जास्त का राहिलात?’ असं विचारलं तर हे तीन कागद दाखवता येतात. पहिल्या अर्जाचा निकाल न येता दुसरी मुदतवाढ मागायची वेळ आली तर वकील गाठा. पहिला फेटाळला तर दुसराही कोसळतो.

वर्षातून किती वेळा यावं याला लेखी आकडा नाही. पण सहा महिने राहून गेलेली आई तीन महिन्यांत परत दारात उभी राहिली तर अधिकारी विचारणारच की ही राहते कुठे. जेवढं तिथे राहिलात निदान तेवढं घरी राहून मग या, हा ठोकताळा बरा आहे. सासू-सासऱ्यांशी पाळी लावलीत हे त्या दृष्टीने उत्तम.

चाफा_एडिसन

खूप आभार. आईच्या पासपोर्टाचा अर्ज या आठवड्यातच टाकते. नवा करतानाच आडनाव घालून घेऊ का? तिकीट काढतानाही साइट आडनाव मागते.

कागदवाला

आत्ता नको. व्हिसा जुन्या नावाच्या रचनेवर आहे. आडनाव कोरं असलं की अमेरिकन व्हिसावर संपूर्ण नाव आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ ही अक्षरं येतात, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. पासपोर्टावर आडनाव घातलं तर व्हिसा आणि पासपोर्ट जुळणार नाहीत आणि नवा व्हिसा काढणं शहाणपणाचं ठरतं. जूनच्या आत ती दगदग नको. नाव जसंच्या तसं ठेवून पासपोर्ट नवा करा, आडनावाचं काम या व्हिसाच्या अखेरीस.

आय-९४ शोधतानाही व्हिसावर जसं आहे तसंच : आडनावात पूर्ण नाव, पहिल्या नावात एफएनयू. पुष्कळांना ‘नोंद सापडली नाही’ येतं ते यामुळेच.

खिडकीची_सीट

तिकिटाच्या साइटवर आडनाव रिकामं ठेवता येत नाही. एक नाव असलेल्यांसाठी काय भरायचं हे प्रत्येक कंपनीच्या मदतपानावर असतं. कुणी एफएनयू सांगतं, कुणी तेच नाव दोन्ही रकान्यांत भरायला लावतं. वडिलांचं किंवा नवऱ्याचं आडनाव मनाने घालू नका, नंतर दुरुस्तीला भुर्दंड पडतो. आईंच्या एकेरी नावामुळे दुबई-अबुधाबीला दोन दिवस उतरून फिरायचा बेतही ठेवू नका. एकाच नावाच्या पासपोर्टावर यूएई पर्यटक व्हिसा देत नाही.

अबुधाबीमार्गे आलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं आणि इकडे देशांतर्गत विमानासारखं उतरता. वयस्कांना ते सोयीचं, पण मधला वेळ निदान तीन तासांचा घ्या.

पेन्शनीतला

सहावा प्रश्न कुणी घेतला नाही म्हणून.

दाखला नोव्हेंबरात द्यायचा, ८० च्या पुढच्या केंद्रीय पेन्शनरांना ऑक्टोबरपासून मुभा. बाबा ७१ चे, म्हणजे नोव्हेंबरच. तुमचं परतीचं तिकीट नोव्हेंबरअखेरचं असेल तर परत जाऊन बँकेत सही करायला दोन-चार दिवसच उरतात. त्या भरवशावर राहू नका. ‘जीवन प्रमाण’चं (ऑनलाइन हयातीचा दाखला) चेहरा ओळखणारं अ‍ॅप अँड्रॉइड फोनवर, त्याबरोबर ‘आधार फेसआरडी’ हे दुसरं अ‍ॅप. लागतं काय : आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक, पेन्शनचं खातं, मोबाइल क्रमांक. खिडकीकडे तोंड करून, चष्मा काढून, पापण्यांची उघडझाप करून दाखवायची. चेहरा जुळत नाही तो बहुतेक वेळा पाठीमागच्या उजेडामुळे. झाल्यावर ‘प्रमाण आयडी’ येतो, त्याचा फोटो काढून ठेवा. बाबांची ही सगळी खटपट निघण्याआधी घरी एकदा करून बघा. आधारात जुना मोबाइल क्रमांक असेल तर तिकडेच दुरुस्त होईल.

दुसरा मार्ग न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासाचा हयातीचा दाखला, तो बँकेला पाठवायचा. दाखला चुकलाच तर पेन्शन थांबते, बुडत नाही. दाखला पोचल्यावर थकबाकीसकट मिळते.

ओटीपीसाठी बाबांचं भारतातलं सिम जिवंत पाहिजे. निघायच्या आधी लांब मुदतीचं रिचार्ज, आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू. ३१ जुलैचं प्राप्तिकर विवरणपत्र याच मुक्कामात येतंय, त्याच्या पडताळणीलाही ओटीपीच.

औषधांचं : अमेरिकेच्या एफडीएचं (अन्न व औषध खातं) मार्गदर्शन साधारण तीन महिन्यांच्या साठ्याचं आहे. सहा महिन्यांची नेणारे पुष्कळ आहेत, पण मूळ पट्ट्यांत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, चिठ्ठीवर औषधाचं जेनेरिक नाव. डब्यांत सुट्या गोळ्या भरून नेऊ नका. नंतर भारतातून पार्सलने मागवलेली औषधं कस्टमला अडकतात, तो मार्ग धरू नका.

विमा : सत्तरीनंतर बऱ्याच पॉलिसींची कमाल रक्कम एकदम खाली येते, बाबांसाठी वेगळी पॉलिसी बघा. जुन्या आजारांवर ‘अचानक उद्भवलेला त्रास’ एवढंच बहुतेक ठिकाणी धरतात. रक्तदाबाची नेहमीची तपासणी त्यात नाही. मुक्काम वाढला तर पॉलिसी संपायच्या आत वाढवा. मधे एक दिवसाची फट पडली तरी तोपर्यंत झालेलं दुखणं नव्या पॉलिसीत ‘आधीचा आजार’ होतं.

आणि डिंकाचे लाडू, मेतकूट, सुंठवडा जे काही येणार असेल ते कस्टमला ‘खाण्याचे पदार्थ आहेत’ असं सांगून आणा. सांगितल्यावर फार तर काढून घेतील. लपवल्याचा दंड असतो.

टोरांटोकर

अवांतर, पण शोधत येणाऱ्यांना उपयोगी पडेल. वरचं सगळं अमेरिकेचं आहे, दुसऱ्या देशाला जसंच्या तसं लावू नका.

कॅनडात साध्या व्हिजिटर व्हिसावरही साधारण सहा महिने, पण आई-वडिलांसाठी सुपर व्हिसा आहे. जुलै २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. बदल्यात मुलाचं उत्पन्न ठरावीक रेषेच्या वर, पालकांची वैद्यकीय तपासणी, आणि निदान एक लाख कॅनडियन डॉलरचा, वर्षभराचा आरोग्य विमा. ब्रिटनला व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला सहा महिने, आणि मुदतवाढीवर विसंबू नये. जर्मनी-नेदरलँड्सकडे लेक असेल तर शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाचा) हिशोब वेगळाच : कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, जायचा आणि यायचा दिवस धरून. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसापत्रावर ८५०३ हा अटीचा क्रमांक दिसला तर तिथे राहून मुदत वाढवायचा रस्ता जवळपास बंद, त्यामुळे तिथल्या तिकिटाची तारीख पहिल्यांदाच नीट ठरवा.

चाफा_एडिसन

ठरलं. आईचा पासपोर्ट आधी, तिकीट नंतर. जायचं ५ जून, परत २४ नोव्हेंबर, थेट विमान. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सासूबाईंचं नक्की कळेल, त्यावर आय-५३९ भरायचा की नाही ते ठरवू.

खिडकीची_सीट

तारखा छान. एक बघा : ५ जून ते २४ नोव्हेंबर हे १७२ दिवस, म्हणजे सहा महिन्यांच्या मॅक्झिमम स्टेच्या भाड्यातही ते बसतात आणि साइट तुम्हाला तेच स्वस्त भाडं पुढे करेल. जानेवारीवर न्यायची वेळ आली तर तेच तिकीट अडेल. पैसे भरण्याआधी भाड्याचे नियम उघडून बारा महिने लिहिलंय का ते वाचा, आणि ते पान पीडीएफ करून ठेवा.